कारखाना जातो, जमीन राहते

महाराष्ट्रात नायगाव नावाची गावे अनेक आहेत. त्यांपैकी दोन नायगावांचा विचार आज एकत्र करण्याचे कारण केवळ नामसाम्याचे नाही. एक नायगाव मुंबईत आहे. परळ, दादर, वडाळा आणि शिवडी यांच्या मधल्या पट्ट्यातील हा भाग, ज्या वस्तीला शंभरावर वर्षे गिरणगाव म्हणून ओळखले गेले तिचाच एक घटक होय. दुसरे नायगाव नांदेड जिल्ह्यात आहे. बिलोली तालुक्यातून वेगळ्या निघालेल्या तालुक्याचे ते ठाणे. पहिल्या नायगावात कारखानदारी आली, वाढली आणि निघून गेली. दुसऱ्या नायगावच्या तालुक्यात, कृष्णूर येथे, मोठी कारखानदारी येणार असे गेली कित्येक वर्षे सांगण्यात येत आहे. जे एका ठिकाणी घडून गेले त्यापासून दुसऱ्या ठिकाणच्या लोकांनी काय शिकावे, हा प्रश्न नांदेड-लातूरच्या कार्यकर्त्यांच्या दृष्टीने आज निकडीचा झाला आहे.

प्रश्नाचे स्वरूप थोडक्यात असे : उद्योगासाठी म्हणून जमीन घेतली जाते, ती सार्वजनिक हिताच्या नावाने घेतली जाते आणि स्वस्तात घेतली जाते. पुढे उद्योग बंद पडला, अथवा मुळात उभाच राहिला नाही, तर त्या जमिनीवर हक्क कोणाचा? मुंबईच्या गिरणगावाने या प्रश्नाचे उत्तर फार उशिरा शोधावयास घेतले. तोवर उत्तर इतरांनी देऊन टाकले होते.

दलदलीतून उभे राहिलेले उपनगर

मुंबई मुळात सात बेटांची. परळ आणि वरळी यांच्यामधला सखल भाग भरतीच्या पाण्याखाली जात असे. १७८४ च्या सुमारास हॉर्नबी वेलार्ड या नावाने प्रसिद्ध असलेला बांध पूर्ण झाला, वरळीची खिंड बुजली आणि हळूहळू भराव पडून ही खाजणे जमिनीत जमा झाली. कोटातील गोऱ्या वस्तीपासून आणि गिरगाव-भुलेश्वरच्या दाट देशी वस्तीपासून हा भाग दूर होता. भातखाचरे, ताडमाडांची झाडे, मिठागरे आणि कोळ्यांच्या, आगऱ्यांच्या वाड्या एवढेच तेथे होते. त्या काळच्या शहराचे ते उपनगरच होते.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली होती. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धाने कापसाचा भाव चढला आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हाती अमाप पैसा आला. युद्ध संपताच बाजार कोसळला, पण कापसाच्या व्यापारातून जमलेले भांडवल आणि अनुभव मागे राहिले. त्यातून गिरण्या एकामागून एक उभ्या राहिल्या. त्या परळ, लालबाग, भायखळा, शिवडी, नायगाव याच पट्ट्यात का, याची कारणे भूगोलात आहेत. सखल जमीन स्वस्त होती. समुद्रकाठच्या दमट हवेत सूत कमी तुटे. दोन्ही रेल्वेंचे रूळ जवळून जात होते. कोळसा आणि यंत्रे उतरविणारे बंदर पूर्व किनाऱ्याला होते. १९२० च्या दशकात कापसाचा बाजारही कुलाब्याहून शिवडीजवळ आला; आजचे कॉटन ग्रीन स्थानक त्याची साक्ष देते.

चौथे कारण मनुष्यबळाचे. कोकणातून गलबतांनी व आगबोटींनी, घाटावरून आगगाडीने, तेलंगणातून पद्मशाली विणकरांच्या वाटेने माणसे येत राहिली. गावाकडची जमीन कुटुंबाला पुरत नव्हती म्हणून ती आली. गावाशी संबंध त्यांनी तोडला नाही, कारण गिरणीतील नोकरी कायमची नव्हती. पहाटे फाटकासमोर बदली कामगारांची रांग लागे आणि त्यांतून कोणाला आत घ्यावयाचे हे जॉबर ठरवी. आजारपण, म्हातारपण आणि बेकारी यांचा भार गिरणीमालकाने उचलला नाही. तो सातारा-रत्नागिरीच्या शेतीने उचलला. मुंबईच्या कापडाचा उत्पादनखर्च कमी ठेवण्यात खेड्यांचा हा न मोजलेला वाटा आहे, आणि हे औद्योगिक इतिहासात क्वचितच नोंदले जाते.

वस्ती कोणी घडविली?

गिरण्या मालकांनी बांधल्या. गिरणगाव कामगारांनी घडविले. १८९६ च्या प्लेगने शहराला कामगारांच्या राहण्याच्या जागांकडे पाहावयास भाग पाडले. १८९८ मध्ये सुधारणा विश्वस्त मंडळ आले आणि त्याच्या चाळी उभ्या राहिल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्याची अनेक वर्षे काढली. १९२० मध्ये सरकारने विकास खाते काढले. त्या खात्याच्या म्हणजेच बीडीडीच्या चाळी वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बांधण्यात आल्या. एकूण इमारती २०७. त्यांतील ४२ नायगावच्या. प्रत्येक इमारतीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. एका खोलीत एक कुटुंब ही कागदावरची कल्पना. प्रत्यक्षात गावाकडचे चार-सहा गडी त्याच खोलीत पाळीपाळीने झोपत. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळी बायका चालवीत. या खानावळवाल्या बायकांची संघटना, अन्नपूर्णा महिला मंडळ, १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने उभी राहिली.

कामगारांचे हक्कही कोणी दान केले नाहीत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना संघटित करावयास आरंभ केला आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली. १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाली तेव्हा कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. १९२८ चा संप सुमारे सहा महिने चालला आणि दीड लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. १९५० मध्ये समाजवादी पक्षाच्या नेतृत्वाखालील मिल मजदूर सभेने बोनसच्या प्रश्नावर सुमारे दोन महिन्यांचा संप केला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा कणाही हाच कामगार होता. नायगाव, परळ आणि लालबाग यांनी महाराष्ट्राला कापड दिले, त्याचप्रमाणे राज्यही मिळवून दिले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या सगळ्याचा अर्थशास्त्रीय अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. खाजणाची जमीन मोलाची झाली ती मालकाच्या कर्तबगारीने नव्हे. रेल्वे, तलावांचे पाणी, गटारे, रस्ते, शाळा, रुग्णालये आणि लाखो माणसांची वस्ती यांनी तिला मोल आणले. जमिनीच्या अशा मूल्यवाढीला जॉन स्टुअर्ट मिल याने अनर्जित वाढ मानले आणि ती समाजाकडे करारूपाने यावी असे सुचविले. हेन्री जॉर्ज याने १८७९ मध्ये याच मुद्द्यावर आपली सारी मांडणी उभी केली. हे दोघेही मार्क्सवादी नव्हते. तेव्हा हा विचार केवळ डाव्यांचा हट्ट आहे, असे कोणाला म्हणता येणार नाही.

संपानंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ आणि बोनस या मागण्या होत्याच. त्यांच्या मुळाशी असलेली एक मागणी मात्र फार जुनी होती : १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच मान्यताप्राप्त संघाला कामगारांच्या वतीने बोलण्याचा जो मक्ता दिला होता, तो मोडून कामगारांना आपला प्रतिनिधी स्वतः निवडू द्यावा. सरकार आणि मालक यांनी ती मानली नाही. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही; तो विरत गेला. लाखाहून अधिक कामगारांना परत काम मिळाले नाही.

संपामुळे गिरण्या मेल्या, असे सांगण्याची पद्धत आहे. ते अर्धसत्य आहे. यंत्रे जुनी झाली होती, नफा पुन्हा गिरणीत न घालता अन्यत्र नेण्यात आला होता, आणि भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर कापड स्वस्तात विणून घेण्याची सोय झाली होती. जमिनीचे भाव चढत असताना गिरणी चालविण्यापेक्षा ती बंद करणे फायद्याचे ठरले, हे यातील निर्णायक कारण होय. उद्योगपती जमीनदार झाला. भांडवलशाहीचे गुणगान करणाऱ्यांनीही या परिवर्तनाला प्रगती म्हणू नये.

मुंबईतील ५८ गिरण्यांकडे सुमारे ६०० एकर जमीन होती आणि त्यांपैकी २५ गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे जनतेच्याच मालकीच्या होत्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीचे स्थूलमानाने तीन भाग ठरविले : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक गृहनिर्माण मंडळाला स्वस्त घरांसाठी आणि एक मालकाला. नियमात खोट होती. विकास करावयाचा की नाही हे मालकाच्या मर्जीवर सोडले होते आणि मालक थांबून राहिले. चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ मध्ये गिरण्यांच्या जमिनीचा एकत्रित आराखडा सुचविला. तो बाजूला राहिला. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वाटणी सगळ्या जमिनीची न होता, ज्यावर बांधकाम नव्हते तेवढ्याच जमिनीची व्हावी, असे ठरले. गिरणी म्हणजे बहुतेक सारी बांधलेलीच जागा. परिणामी जनतेचा हिस्सा आक्रसून गेला. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या दुरुस्तीच्या विरुद्ध निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये दुरुस्ती वैध ठरविली. एका शब्दाच्या अर्थाने दोनशे-दोनशे एकरांची स्वप्ने पुसली गेली.

घरांसाठी गिरणी कामगारांचे व त्यांच्या वारसांचे दीड लाखांच्या आसपास अर्ज आले. २०१२ मध्ये पहिली मोठी सोडत निघाली ती ६,९२५ घरांची. पुढे आणखी सोडती निघाल्या, परंतु अर्जदारांच्या मानाने मिळालेली घरे अत्यल्पच राहिली, आणि अलीकडे कामगारांना शेलू-वांगणीकडे, मुंबईबाहेर दूर, घरे घ्यावयास सांगण्यात येत आहे. ज्यांनी वस्ती घडविली त्यांना वस्तीबाहेर जागा दाखविण्याचा हा न्याय आहे. उलट दादरची इंदू मिल पाहावी. तिची साडेबारा एकर जमीन लोकांच्या दीर्घ आंदोलनामुळे डॉ. आंबेडकरांच्या स्मारकासाठी मिळाली. संघटित रेटा असेल तर गिरणीची जमीन सार्वजनिक कामासाठी मिळू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. बीडीडी चाळींचा पुनर्विकासही याच कारणाने पाहण्यासारखा आहे. जमीन सरकारची राहिली होती म्हणून १६० चौरस फुटांच्या रहिवाशाला त्याच जागी ५०० चौरस फुटांचे घर देणे शक्य झाले. खासगी गिरणीच्या आवारातील चाळकऱ्याच्या हाती एवढी सौदाशक्ती कधीच नव्हती.

गोदावरीकाठची गिरणी

मुंबईतील गिरण्यांचा इतिहास मराठवाड्याला परका नाही. १९०० मध्ये हैदराबाद ते मनमाड हा निजामाचा मीटरगेज लोहमार्ग खुला झाला. नांदेड, परभणी, सेलू, जालना येथे सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने निघाले. काळ्या मातीतला कापूस गाठींच्या रूपाने मनमाडपर्यंत जाई. तेथे रुळांची रुंदी बदले, म्हणून गाडी रिकामी करून माल पुन्हा चढवावा लागे आणि मग तो पश्चिमेकडे जाई. कच्चा माल बाहेर आणि पक्का माल आत, हा वसाहतीचा व्यवहार ब्रिटिश मुलखाइतकाच निजामाच्या मुलखातही चालला.

या चाकोरीला नांदेडात एक अपवाद घडला. १९२० च्या दशकात तेथे उस्मानशाही मिल उभी राहिली. जेथे कापूस पिकतो तेथेच सूत निघाले, कापड विणले गेले. स्टेशन, गिरणी आणि बाजारपेठ यांच्या आधाराने नांदेडचा औद्योगिक भाग वाढला. संस्थान गेले, १९४८ मध्ये मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ पूर्वायुष्यात मुंबईचे कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केलेले होते; कामगारांचा प्रश्न आणि मराठवाड्याचा प्रश्न त्यांना वेगळे वाटत नव्हते. पुढे नांदेडची कापड गिरणीही आजारी पडली, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि अखेर बंद झाली.

यातली विसंगती डोळ्यांत भरणारी आहे. याच नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने १९८० च्या दशकात 'नांदेड-४४' हे संकरित वाण दिले आणि ते कोरडवाहू शेतकऱ्यांनी दूरवर पेरले. म्हणजे वाण नांदेडचे, कापूस नांदेडचा, राबणारे हात नांदेडचे. आणि सूतगिरणीचे काम मात्र दुसरीकडे. मराठवाड्याच्या मागासलेपणाचे कारण निसर्गाच्या अवकृपेत शोधणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

कृष्णूर : अपेक्षा आणि वास्तव

नायगाव तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी वाहते. नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादकडे जाणारा महामार्ग तालुक्यातून जातो आणि तेलंगणाची सीमा जवळ आहे. म्हणूनच येथला मजूर मुंबईइतकाच, किंबहुना अधिक सहजतेने, निजामाबाद-हैदराबादचा रस्ता धरतो. नायगावला रेल्वे नाही. नांदेड-देगलूर-बिदर लोहमार्गाची मागणी जुनी आहे. पाण्याची स्थिती अशी की नदी जवळ असूनही पाणी कराराने आणि निवाड्याने बांधलेले. धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१३ च्या निकालानुसार पावसाळ्यात १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात. शेजारच्या मुखेड तालुक्यातील लेंडी प्रकल्प सुमारे चार दशके रखडला. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे तर सर्वांच्या स्मरणात आहे.

अशा या प्रदेशासाठी धोरणांची कमतरता कधीच नव्हती. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९६४ पासून मागास भागात जाणाऱ्या उद्योगांना सवलतींची सामूहिक योजना लागू आहे. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा काढला आणि त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटींचा दाखविला. १९८८ मध्ये केंद्र सरकारने विकास केंद्रांची योजना आखली. महाराष्ट्रात तिच्यासाठी अकोला, चंद्रपूर, धुळे, रत्नागिरी आणि नांदेड यांची निवड झाली. कृष्णूरचे औद्योगिक क्षेत्र या धोरणाचे अपत्य. पुढे त्याला पंचतारांकित हे बिरुद लागले. १९९४ मध्ये आलेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि अनुशेषाचा हिशेब विचारण्याची हक्काची जागाही गेली.

तारे पाच लागले म्हणून कारखाने येत नाहीत. उद्योग येतो तो पाणी, वीज, वाहतूक, कसबी कामगार आणि बाजारपेठ पाहून. या गोष्टी ठाणे-पुणे पट्ट्यात एकवटल्या आहेत, म्हणून साठ वर्षांच्या सवलतींनंतरही उद्योगांचा ओढा तिकडेच राहिला. सवलतीने कारखाना येण्याची खात्री नाही. भूखंड घेणारा मात्र नक्की येतो. आणि येथेच दोन नायगावांची गाठ पडते. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरून उतरलेली जमीन भूखंड होते, भूखंडाला तारेचे कुंपण पडते आणि रस्ता चौपदरी झाला की कुंपणाच्या आतल्या गवताची किंमत वाढू लागते. मुंबईत कारखाना बंद पडल्यावर जे घडले, ते मागास तालुक्यात कारखाना उभा राहण्यापूर्वीच घडू शकते.

नायगाव तालुक्याला मालकी पालटण्याचा अनुभव नवा नाही. कुंटूर येथे शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभारलेला सहकारी साखर कारखाना पुढे खासगी मालकीत गेला. हे एकट्या कुंटूरचे नव्हे. राज्यात अनेक सहकारी कारखान्यांचे असेच झाले. सभासदाने ऊस दिला, भाग घेतला, जमीन दिली. कारखाना विकला गेला तेव्हा त्याला कोणी विचारले नाही.

आक्षेप आणि उत्तर

जमिनीवर अटी घातल्या तर मागास भागात उद्योग येणारच नाहीत, असा आक्षेप घेतला जाईल. तो वरवर व्यवहारी वाटतो. परंतु ज्याला कारखाना चालवावयाचा आहे, त्याला 'कारखाना न चालविल्यास जमीन परत जाईल' या अटीचे भय का वाटावे? अट ज्याला बोचते तो उद्योजक नसून जमिनीचा सट्टेबाज असतो. तो आला नाही तर तालुक्याचे नुकसान होत नाही.

एवढी वर्षे लोटल्यावर जमीन मूळ शेतकऱ्याला परत देणे अशक्य आहे, असाही आक्षेप येईल. कुटुंबे विभागली, पिढी बदलली. हे बरोबर आहे. म्हणून प्रत्येक ठिकाणी सातबारा परत फिरविण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. जमीन सार्वजनिक ताब्यात परत यावी आणि तिच्या उत्पन्नात विस्थापित कुटुंबांना हिस्सा असावा, एवढे पुरेसे आहे. जर्मनीच्या रूर खोऱ्यात कोळसा व पोलाद उद्योग ओसरू लागले तेव्हा, १९८० च्या सुमारास, तेथील राज्याने निधी उभारून बंद कारखान्यांच्या जमिनी स्वतः विकत घेतल्या, साफ केल्या आणि नव्या वापरासाठी दिल्या. एसेनची झोल्फरआइन खाण १९८६ मध्ये बंद पडली. तिचे सारे आवार लोकांसाठी राखले गेले. तो समाजवादी देश नव्हता. जमिनीचे भवितव्य बाजारावर सोडावयाचे नाही एवढा विवेक त्याने दाखविला.

महाराष्ट्रात तर मुंबईपेक्षा एक मोठी अनुकूलता आहे. औद्योगिक महामंडळ भूखंड विकत नाही. ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. मालकी सार्वजनिकच असते. गिरण्यांच्या बाबतीत जो कायदेशीर झगडा करावा लागला तो येथे करावयाचा नाही. फक्त पट्ट्याच्या अटी कडक करून त्या पाळून घ्यावयाच्या आहेत. अधिकार आहे, त्याचा वापर करावयास भाग पाडणारी लोकशक्ती उभी करणे बाकी आहे.

मागण्या

या विवेचनातून काही निश्चित मागण्या निघतात. प्रत्येक औद्योगिक क्षेत्रातील भूखंडांची सूची दरवर्षी प्रसिद्ध व्हावी आणि ज्या गावांची जमीन गेली त्यांच्या ग्रामसभेत ती वाचली जावी : भूखंड कोणाकडे आहे, उत्पादन कधी सुरू झाले, कायम कामगार किती आणि ठेकेदाराचे किती. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकाकडे अथवा भूमी-संचयाकडे परत जाण्याची तरतूद आहे. परंतु औद्योगिक महामंडळ १९६१ च्या आपल्या स्वतंत्र कायद्याखाली जमीन संपादन करते. तेव्हा तीच अट त्या कायद्यातही निःसंदिग्ध शब्दांत घालण्यात यावी. उद्योगासाठी दिलेल्या भूखंडाचा वापर निवासी वा व्यापारी झाला तर वाढलेल्या किमतीतील अनर्जित हिस्सा सार्वजनिक निधीत यावा आणि त्याचा ठरावीक भाग विस्थापितांना मिळावा.

कामगारांसंबंधीच्या मागण्याही तितक्याच महत्त्वाच्या. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार कामगारांची फक्त २४ महिन्यांची देणी तारणधारक सावकारांच्या बरोबरीला येतात. उरलेली मागे पडतात. कामगाराची सारी देणी जमिनीवरचा पहिला बोजा मानली जावीत. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने कारखाना बंद करण्यास सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली. कृष्णूरसारख्या क्षेत्रात ३०० कायम कामगारांचा कारखाना विरळाच असणार, म्हणजे तेथील कामगाराला हे संरक्षण राहिलेच नाही. ती मर्यादा पूर्ववत व्हावी. संघटनेला मान्यता गुप्त मतदानाने मिळावी, ही १९८२ च्या कामगारांची मागणी आजही तेवढीच रास्त आहे. आणि कारखान्याबरोबर कामगारांच्या घरांची जागा प्रारंभीच राखून ठेवावी. नायगावच्या चाळी कितीही कोंदट असल्या तरी त्या सार्वजनिक जमिनीवर होत्या, म्हणून त्यांतील माणूस टिकला; हा शंभर वर्षांचा पुरावा दुर्लक्षण्याजोगा नाही.

कार्यकर्त्यांनी या कामासाठी कायदा बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. भूखंडधारकांची सूची २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली आजही मागता येते. कृष्णूरच्या आसपासच्या गावांत कोणाची किती जमीन गेली, मोबदला काय मिळाला, घरातील कोणास कारखान्यात काम मिळाले आणि कोण निजामाबादला, हैदराबादला अथवा पुण्याला गेले, याची घरटी नोंद करणे हे चार-पाच तरुणांचे एका उन्हाळ्याचे काम आहे. लातूर, उदगीर, देगलूर, धर्माबाद येथेही तशीच नोंद व्हावी. गिरणगावात अशी नोंद लोकांच्या हाती आली ती गिरण्यांची धुराडी विझल्यानंतर. तेव्हा कामगारांपाशी आठवणी पुष्कळ होत्या, पण कागद नव्हते. नांदेड-लातूरच्या कामगाराने आणि शेतकऱ्याने कागद आधी गोळा करावेत. धुराडी पेटली तर त्यांचा उपयोग हक्क मागण्यासाठी होईल. न पेटली तर जमीन परत मागण्यासाठी.